माहेरचा चिखल आणायला दाभोळच्या वाटेवर

"आजी, तुझ्या माहेरची खाडी अजून स्वच्छ आहे का गो?" माझ्या नातीने फोनवर विचारलं आणि मी भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "आरशासारखी." झालं. त्या एका शब्दावर आमची सगळी सफर ठरली. खरं सांगायचं तर माहेरी मी लग्नाबारशाला जाते, मांडवात बसते, जेवते आणि परत येते. खाडीत पाय घालून किती वर्षं झाली ते मला आठवतही नव्हतं. पण माहेरचं कोणी विचारलं तर बाई दुसरं काय सांगणार?

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली, रत्नागिरीपासून आत डोंगराकडच्या एका गावात राहते. भात, काजू, चार आंब्याची कलमं. हा ब्लॉग नातीने काढून दिला. मी फोनला सांगते, तो लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ ती बघते, बाकी सगळं माझं. मागे मी काजूच्या बोंडांवर लिहिलेलं कोणीतरी दुबईत बसून वाचलं म्हणे, तेव्हापासून आमचे हे मला "लेखिकाबाई, चहा मिळेल का" असं विचारतात. हे मुंबईत गोदीत होते, आता घरी बसून कोंबड्यांना शिस्त लावतात.

नात म्हणजे सायली, माझ्या थोरल्याची मुलगी. रत्नागिरीत खोली घेऊन राहते आणि कॉलेजात कसलं तरी पुढचं मोठं शिक्षण करते. तिचा विषय काय, तर चिखल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, चिखल शिकायला कॉलेज कशाला, आषाढात घरी ये, लावणीला माणसं मिळत नाहीत. मग तिने मला नीट समजावलं. खाडीकाठी जिथे भरतीचं पाणी येतं आणि जातं, कांदळाची म्हणजे खारफुटीची झाडं वाढतात, त्या दलदलीच्या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. चिमूटभर चिखलात आपल्या सगळ्या जिल्ह्यातल्या माणसांपेक्षा जास्त. कोणी गळलेली पानं कुजवतात, कोणी त्यातून कुर्ल्या-कोळंबीचं खाणं तयार करतात, कोणी खाली काळ्या थरात हवेवाचून जगतात. मी म्हटलं, म्हणजे विरजण. ती म्हणाली, "हो आजी, पण शेकडो जातींचं एकत्र." आता विरजण म्हटलं की मला कळतं. कढत दुधात विरजण टाकलं की मरतं, आणि भलतंच काही पडलं तर दही तार सुटल्यासारखं होतं. खाडीतही तसंच. सांडपाणी, साबण, फिनेल, औषधं आली की काही जाती मरून जातात आणि घाण खाणाऱ्या दोन-चार जाती मात्र भरमसाट वाढतात. वरून पाणी दिसतं तसंच दिसतं. आत दही बिघडलेलं असतं.

घाण जागांचे चिखल सायलीने बरेच गोळा केले होते. अडलं होतं ते स्वच्छ जागेशी. तुलना करायला एक तरी न बिघडलेली दलदल हवी, नाहीतर बिघडलं म्हणजे किती बिघडलं ते कशावरून सांगणार? तिने दोन जागा शोधल्या, दोन्ही तपासणीत नापास. सर म्हणाले, या हिवाळ्यात स्वच्छ जागा मिळाली नाही तर विषय बदल. विषय बदल म्हणजे पोरीची केलेली सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तो फोन आला होता. आणि मी तर आरसा म्हणून मोकळी झाले होते.

पौष अमावस्येच्या अलीकडे निघालो. ज्यांना खाडी बघायची आहे त्यांनी अमावस्या-पुनवेच्या आसपास जावं. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, ती या दिवसांत मोठी लागते आणि पहाटे-संध्याकाळी लागते, उन्हाचा त्रास नाही. मी आदल्या दिवशी एसटीने रत्नागिरीला गेले. सायलीच्या खोलीत फ्रीज आहे आणि त्यात चिखल आहे. भाजी बाहेर, चिखल आत. मी दूध मात्र नाक्यावरून ताजं आणलं.

सकाळी शहराच्या कडेला एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी गेलो. तिथला चिखल तिला परत हवा होता. मी रस्त्यावर पदर नाकाला लावून उभी होते आणि सायली गुडघ्यापर्यंत आत. परत आली तर हसतच. "आजी, हा वास वेगळा आणि कांदळातला सडक्या अंड्याचा वास वेगळा. तो चांगल्या चिखलाचा." मला बरं वाटलं. लहानपणी आम्ही मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढून घरी यायचो तेव्हा अंगाला तोच वास असायचा आणि आई विहिरीवरच थांबवायची.

मग स्कूटीवरून निघालो. हो, स्कूटी. माझ्या वयाच्या बायकांनो, घाबरू नका. गुडघ्यावर थर्माकोलचा डबा, डब्यात मासळीबाजारातला बर्फ, बर्फात पिशवीत बांधलेल्या चिखलाच्या बाटल्या, आणि एका हाताने नातीची कंबर धरलेली. आरे-वारेचा घाट उतरताना डाव्या हाताला समुद्र असा उघडतो की मी दोनदा गाडी थांबवायला लावली. सायली म्हणाली, बर्फ वितळेल. मी म्हटलं, समुद्र काय रोज दिसतो का मला. तिथे टपरीवर शहाळं घ्या, चहा घेऊ नका, फार गोड करतात.

गणपतीपुळ्याला रांग मध्यम होती. शनिवार-रविवारी जाऊ नका. देवाला मी मागणं मागितलं ते इथे सांगत नाही, पण त्यात चिखल होता. जेवण देवळामागच्या गल्लीतल्या घरगुती खानावळीत केलं. भात, कुळथाची पिठी, वालाची उसळ, सोलकढी, वर एक उकडीचा मोदक. ताट दीडशेच्या आसपास आणि भात मागाल तेवढा. वाढणारी बाई मोदकाची पारी जाडसर ठेवते, ते मी तिला सांगितलं. तिने मला दुसरा मोदक फुकट वाढला, आता हा मान होता की तोंड बंद करायचा उपाय ते कळलं नाही.

जयगडला फेरीबोटीत गाड्या, माणसं, बकऱ्या सगळं चढतं. तिकीट किरकोळ आहे. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर लांबचा वळसा पडतो. बोटीत एक मासेवाली माझ्या शेजारी टोपली ठेवून बसली. डबा बघून तिने विचारलं, सुरमई काय?

"चिखल हाय."

"कुठला?"

"रत्नागिरीचा."

 ती म्हणाली, "आमच्याकडचा संपला काय गो?"

आख्खी बोट हसली, मीही हसले. उतरेपर्यंत मी तिला विरजणाचं सगळं समजावलं होतं. तिने एवढंच सांगितलं की तिच्या खाडीत कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, कमी झालीत आणि ते कशाने ते शिकून आलात की आम्हाला पण सांगा. सायलीने डबा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. कालवं कशाने कमी झाली ते सांगायलाही आधी तोच स्वच्छ चिखल हवा होता ना.

बोट पलीकडे तवसाळला लागते. तवसाळहून गुहागर, गुहागरहून धोपावे. मधला रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे, कंबर जपा. धोपाव्याला दुसरी फेरीबोट आणि समोर दाभोळ. वाशिष्ठीची खाडी तिथे समुद्राला मिळते. वेळ असेल तर दाभोळच्या बंदरात थोडं फिरा आणि गुहेतल्या चंडिकेचं दर्शन घ्या. आत वीज नाही, समईच्या उजेडात वाकून जायचं. मी वाकले ते उठताना सायलीला ओढावं लागलं.

माझं माहेर दाभोळपासून आत, खाडीच्या एका फाट्यावर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, पुढे वाचलं की का ते कळेल. भाऊ आता नाही. वहिनी आहेत, आणि माझा भाचा विलास. विलास आधी मुंबईत हॉटेलात नोकरीला होता, परत येऊन त्याने घराला लागून पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. चांगला कष्टाळू मुलगा. मोरीचं कालवण असं करतो की बोटं चाटाल. हे खायच्या मोरी माशाबद्दल चाललंय, न्हाणीच्या नाही, तिच्याकडे मी नंतर येते. संध्याकाळी पोचलो तर वहिनी अंगणात तांब्या घेऊन उभ्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सायलीकडे बघून म्हणाल्या, "वन्सं, एवढी गोरीगोमटी पोर, तिला चिखलाला कशी हो लावलीत?" मी म्हटलं, मी नाही लावलं, सरकार पैसे देतं तिला त्याचे. वहिनींना ते पटलं नाही, पण पैसे म्हटल्यावर त्या गप्प बसल्या.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

आमच्या आईची एक रीत होती. घरची लेक पुष्कळ दिवसांनी आली की तिने पहिल्यांदा खाडीची ओटी भरायची. नारळ, हळदकुंकू, आणि दहीभाताचा नैवेद्य. खाडी पण बाईच, तिला पण विचारावं लागतं. मी पहाटे उठले, वहिनींनी भात आधीच लावला होता, दही घरचं. सायली आत बाटल्या उकळत होती, तिच्या त्या बाटल्यांना हात लावायचा नाही, श्वास पण लांबून सोडायचा. मी म्हटलं, ती येईपर्यंत आपलं उरकून घेऊ. खाजणाच्या बांधावरून खाली उतरले. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, बांध घालून केलेली, पलीकडे सगळी कांदळं. आमची मुळे काढायची जुनी जागा मी बरोबर ओळखली, चिपीचं वाकडं झाड अजून तिथे आहे. सुकती चांगली लागली होती. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं, दहीभात केळीच्या पानावर ठेवला आणि पान उलटलं तसा तो हाताने नीट पसरून दिला. मनात म्हटलं, माझ्या नातीला चांगला चिखल दे.

सायली आली ती चिखल काढायची नळी घेऊन थेट त्या जागेवर. वाकली आणि तशीच थांबली.

"आजी, हे पांढरं काय आहे?"

"नैवेद्य."

"दही घातलंयस?"

"घरचं आहे गो, भेसळ नाही."

ती बांधावर खाली बसली आणि हसायला लागली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. मला कळेना. मग तिने सांगितलं की दह्यात जिवंत जीव असतात, हळदीने काही मरतात, आता इथला चिखल नेला तर खाडीच्या जिवांऐवजी वहिनींच्या विरजणाची नावं निघतील. मी किती वेळा तिला विरजण-विरजण म्हणून शहाणपण सांगितलं होतं, आणि स्वतः जाऊन ओतून आले.

मी म्हटलं, रडायचं नाही, पाणी यायला अजून वेळ आहे, पुढे चल. पदर खोचला आणि तिच्या आधी निघाले. जागा बदलायची तर वरच्या अंगाला, बांधाच्या कडेकडेने, जिथे भरती उशिरा पोचते. चिखल मांडीपर्यंत आला. चप्पल एक गेली ती गेलीच. निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या, कुर्ल्यांची बिळं इथे तिथे, मी मोठ्या आवाजात सगळ्यांची ओळख करून देत होते, कारण सायलीने रडू नये. मग बिळं कमी झाली. नंतर नाहीतच. निवट्या पण नाहीत. चिखलावर राखाडी पांढरट तंतू, ओल्या कापसासारखे, आणि वर तेलकट चमक. वास आला तो सडक्या अंड्याचा नव्हता. कालच्या व्हाळाचा होता.

सायलीने समोर बोट केलं. कांदळाच्या मुळांत, गोणपाट टाकून झाकलेलं, एक जाडजूड पाइप. त्यातून थेंब थेंब पडत होतं. मी वर बघितलं तर बांधापलीकडे विलासच्या खोल्या आणि दोरीवर पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

"आजी," सायली म्हणाली, "सुकती-भरतीला हे पाणी त्या चिपीच्या झाडापर्यंत पोचतंच. तू दही घातलं नसतंस तरी ती जागा नापासच झाली असती. माझ्याकडे आता स्वच्छ जागा नाही."

मी तिथे मांडीभर चिखलात उभी होते आणि मला आरसा हा शब्द आठवत होता.

तिने तरी नळ्या भरल्या. पाइपाजवळ, थोडं दूर, अजून दूर. म्हणाली, आलोच आहोत तर घेऊन जाऊ. पोर माझ्यावर गेली आहे असं मी म्हणते, सूनबाई नाही म्हणते.

चहाच्या वेळी मी विलासला अंगणात बोलावलं आणि पाइपाचं विचारलं. तो आधी म्हणाला सांडपाण्याची टाकी बांधली आहे. मग म्हणाला टाकी दोन खोल्यांची होती, खोल्या वाढल्या, म्हणून जास्तीचं बाहेर काढलं. मग म्हणाला खाडी एवढी मोठी, एका पाइपाने काय होतं. वर कारखाने किती सोडतात ते कोणी विचारत नाही, माझ्याच मागे का. त्याचंही सगळं खोटं नव्हतं. सायलीने त्याला समजावलं की काका, मोठी खाडी वेगळी, तुमच्या बांधाजवळचा चिखल वेगळा, तिथे पाणी फारसं फिरत नाही, कुर्ल्या-माशांची पिल्लं तिथेच वाढतात. वहिनी म्हणाल्या, मुळे दोन वर्षांत मिळाले नाहीत हे खरं आहे. विलासने आईकडे असं बघितलं की त्या चहा गाळायला आत गेल्या.

मग तो माझ्याकडे वळला.

"आत्ये, एक सांग. तुझ्या घरची न्हाणी कुठं जाते?"

 आमच्याकडे जुनी न्हाणी होती तेव्हा पाणी केळीत जायचं. मुलाने नवं बाथरूम बांधलं, फरशी घातली, कपड्यांचं मशीन आलं, आणि पाइप मागच्या व्हाळात सोडला. व्हाळ नदीला, नदी खाडीला. हे मला माहीत होतं, पण आतापर्यंत मी तसं कधी बघितलं नव्हतं. विलास जिंकला होता आणि त्यालाही ते बरं वाटत नव्हतं, कारण तो लगेच म्हणाला, जेवायला सुरमई तळू का.

दुपारी सायलीने मला मुरुडला नेलं. दाभोळहून किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता आहे, चढउतार भरपूर, पण दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा. मुरुडची वाळू घट्ट आणि सपाट, म्हाताऱ्या माणसाला चालायला फार छान. घोडागाडीवाले मागे लागतात, नको म्हटलं की सोडतात. मी वाळूत बसले. सायलीने भेळ आणली आणि बोलता बोलता म्हणाली, "काका पाइप बंद करतील तर एक होऊ शकेल. बिघडलेला चिखल परत कसा सुधारतो, कोण आधी परत येतं, कोण येत नाही, हे बघता येईल. पाइप चालू असतानाचे नमुने तर मी आज घेतलेच आहेत. सरांना विचारता येईल." मी विचारलं, आणि बंद नाही केला तर? ती म्हणाली, तर विषय बदलायचा. भेळ तिखट होती. मी संपवली. उठताना ठरवून उठले.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी वहिनींनी ताट आणलं. साडी, खण, नारळ, तांदूळ. माहेरवाशिणीची ओटी, यात काही विचारायचं नसतं, बाई पदर पुढे करते. विलास स्कूटीवर डबा बांधत होता, बर्फ त्यानेच आणून दिला होता.

"वन्सं, पदर धरा."

"यंदा नाही, वहिनी."

वहिनींचा चेहरा उतरला. ओटी न घेता लेक गेली तर गावात काय बोलतील ते मला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, माझं काय चुकलं?

"तुमचं काही नाही. पण काल मी खाडीची ओटी भरली आणि त्याच जागेवर आपल्या घरची घाण येते. तिथली घाण राहते तोवर मी इथली ओटी कशी घेऊ?" मग मी विलासला म्हटलं, "तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी गेले की आधी माझ्या न्हाणीचं पाणी वळवते. झालं की फोटो पाठवते. मग तू तुझं बघ. आधी मी."

विलासने दोरीची गाठ आवळली, पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. म्हणाला, "सावकाश चालव गो सायली."

परतीचं काही लिहीत नाही, तोच रस्ता, तीच बोट. पाठीत उसण भरली. स्कूटीवरून एवढं जाऊ नका, हे आधी लिहिलं त्याच्या उलट आहे ते मला कळतंय.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की मागे खड्डा खणायचा. आमच्याकडे जमीन म्हणजे जांभा, पहार मारली की ठिणगी उडते. मुलगा म्हणाला, उन्हाळ्यात बघू. सूनबाई म्हणाली, कपड्यांचं पाणी आणि बाकीचं वेगळं करावं लागेल, म्हणजे फरशी फोडावी लागेल. मी म्हटलं, फोडा. आमचे हे पहार घेऊन गेले आणि कंबर धरून परत आले, तेव्हा मुलाला लाज वाटली आणि त्याने दोन गडी बोलावले. खड्ड्यात खाली जांभ्याचे तुकडे, वर खडी, वर वाळू. कपड्यांचं पाणी परत केळीत, आणि पावडर बदलली, ती फेस कमी करते म्हणून सूनबाई अजून कुरकुरते. मी फोटो काढला. त्यात अर्धा माझा अंगठा आला, तरी पाठवला.

विलासने बघितला. त्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. सायली रोज फोन करून इकडचं तिकडचं विचारायची, ते एक सोडून. मी विलासला दर दोन दिवसांनी फोटो पाठवत राहिले. खड्डा. खड्ड्याची दुसरी बाजू. केळीला आलेलं नवं पान. मी ओरडले नाही, रागावले नाही. फक्त फोटो.

पुढे एकदा वहिनींचा फोन आला. विलासने पाहुण्यांना आठवडाभर येऊ नका म्हणून सांगितलं होतं, गडी लावले होते, टाकी मोठी करून पाणी वरच्या अंगाला माडांच्या वाडीत वळवलं होतं. मागून त्याचा आवाज आला, "आत्येला सांग, फोटो पुरे."

सरांनी विषय तसाच ठेवला. थोडा वळवून, पण ठेवला. शिमग्यानंतर सायली एकटी जाऊन आली आणि परत चिखल आणला. ते पांढरे तंतू गेलेत. तपासलं तर काही जाती परत दिसायला लागल्यात, थोड्या. बऱ्याच अजून नाहीत. मुळे तर नाहीतच. तिने मला दोन-तीन नावं वाचून दाखवली, मला उच्चारता आली नाहीत, पण पाहुणे परत आल्यासारखं वाटलं.

तुम्ही या वाटेने जाल तेव्हा समुद्र बघा, मोदक खा, फेरीबोटीत हसा. आणि राहाल तिथल्या मालकाला एकदा विचारा की पाणी कुठे जातं. तो तुम्हाला उलट विचारेल, म्हणून उत्तर तयार ठेवून जा.

परवा सायली म्हणाली, "आजी, माझं शिक्षण संपेल तोवर सगळे परत येणार नाहीत. काहींना फार वर्षं लागतात." मी विचारलं, मग तुझ्यानंतर चिखल कोण आणणार? ती म्हणाली, माहीत नाही, नवीन कोणी मिळालं तर.

मी तिला म्हटलं, नवीन कशाला शोधतेस. मी बघितलंय तू कसं करतेस ते. नळी सरळ खुपसायची, वरून अंगठा दाबून धरायचा, आणि चिखल सोडेपर्यंत घाई करायची नाही.